पाण्यानं गेलेलं हँडल

उभी असलेली मोटारसायकल दिसली की आपल्याकडच्या माणसाचा हात आपोआप हँडलकडं जातो. ओळख असो की नसो. नांदेडला टपरीसमोर गाडी लावून मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोवर कुणीतरी येतं, गाडीच्या दोन्ही मुठी धरतं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, मग पुढंमागं हलवून बघतं आणि रिपोर्ट हातात आलेला डॉक्टर नातेवाइकांकडं बघतो तसं माझ्याकडं बघतं.

"हालायलंय की हो हे."

"हो."

"लई हालायलंय."

"हो."

खरं म्हणजे इथं बोलणं संपायला हरकत नाही. पण टपरीवरचं बोलणं संपत नसतं, त्याला नुसती माणसं वाढत जातात. दुसरा म्हणतो, कोनसेट गेला. तिसरा म्हणतो, टी वाकलीय, कुठं धडकलाव का? हे तो अशा सुरात विचारतो, की न धडकताही मी खजील होतो. चौथ्याच्या मते चाकाचं बेरिंग. पाचवा काहीच बोलत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर अंगठ्यानं दाबतो, सीटवरची धूळ बोटानं पुसतो आणि हळूच म्हणतो, "काढायची असली तर सांगा. किंमत जास्त येणार नाही, पण आपण घेऊ."

लोह्याजवळच्या माळेगावात मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार. तिथं जनावर घ्यायला आलेला माणूस आधी त्याच्या तोंडात बोटं घालून दात बघतो. हा नांदेड-लातूरकडचा जुना रक्तातला गुण आहे. एका बाजूला लाल कंधारी, दुसऱ्या बाजूला देवणी, अशा नामांकित जातींच्या बैलांमध्ये पिढ्या गेल्या. आता दारात बैल उरले नाहीत, पण बोटांची सवय गेलेली नाही. जनावराचं वय दातांत, तसं गाडीचं वय हँडलमध्ये. माणसं माझ्या गाडीचे दात बघत असतात, एवढंच.

गाडी २०१० ची, शंभर सीसीची. कंपनीचं नाव कशाला सांगू? आपल्या रस्त्यावर डोळे मिटून दगड भिरकावला तर ज्या गाडीला लागेल, ती. पासिंग लातूरचं, एमएच २४. हँडल तिचं एका दिवसात सैल झालेलं नाही. पोट सुटतं तसं ते सुटलं, म्हणजे आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना आधी दिसलं. मला ते जाणवलं तोवर माझं त्याच्याशी जमलेलं होतं. ब्रेक दाबला की टक् असा आवाज यायचा, तो मला ब्रेक लागल्याची पावती वाटायचा. गाडी उजवीकडं न्यायची तर हँडल आधी बोटभर रिकामंच फिरायचं आणि मग चाकाला निरोप पोचायचा. सरकारी कामात अर्ज आणि उत्तर यांच्यामध्ये जातो तसा थोडा काळ मध्ये जायचा. तेवढा काळ मी हिशेबात धरायला शिकलो. वळण यायच्या आधीच वळायला लागायचं. समोर खड्डा असेल तर त्याच्या आधीच्या खड्ड्यालाच सुरुवात करायची.

लातूरच्या गंजगोलाईत मात्र हा हिशेब चुकायचा. १९१७ मध्ये बांधलेल्या या गोल बाजारपेठेला १६ रस्ते फुटतात. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानांचं वर्तुळ आणि प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. घट्ट हँडलच्या माणसाला ही सोय आहे. मी गुळासाठी म्हणून गोलाईला वळसा घालायचो आणि निरोप चाकापर्यंत पोचेस्तोवर चपलांच्या रस्त्याला लागलेला असायचो. पुन्हा वर्तुळात येऊन पुन्हा नेम धरायचा. माझ्या घरी चपलांचे जोड जरा जास्तच आहेत, त्यातले निदान दोन तरी हँडलच्या खात्यावर टाकता येतील.

दुसरं कुणी ही गाडी चालवू शकत नव्हतं. मेहुणा एकदा "जरा चौकातून आलो" म्हणून घेऊन गेला आणि पाच मिनिटांत ढकलत परत आला. मी विचारलं, "पंक्चर?" तो म्हणाला, "नाही. भीती." खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. किल्ली लावून ठेवली तरी माझी गाडी चोरीला जाणार नव्हती. चोराला आधी माझ्याकडं महिनाभर उमेदवारी करावी लागली असती.

उपाय केले नाहीत असं नाही. पहिला उपाय पान्याचा. हँडलची नळी ज्या क्लॅम्पमध्ये बसते, त्याचे चार बोल्ट आवळले. आठवडा बरा गेला. क्लॅम्पच्या आत नळीचा जो खरखरीत भाग असतो तो घासून घासून गुळगुळीत झालेला, त्यामुळं कितीही आवळलं तरी ब्रेक मारला की हँडल पुढं झुकून नमस्कार करायचं. दुसरा उपाय सगळ्या महाराष्ट्राचा आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. ती कापून नळीभोवती गुंडाळली आणि वरून क्लॅम्प बसवला. ट्यूबच्या पट्टीनं आपल्याकडं नळ बांधलेले आहेत, कुऱ्हाडीचे दांडे बसवलेले आहेत, चष्मे सावरलेले आहेत. हँडलनं मात्र रबराचा स्वभाव उचलला. आता ते नुसतं हालत नव्हतं, हालून परत जागेवर येत होतं. तिसरा उपाय म्हणून एका मित्रानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आत सरकवला. त्यानं नळी घट्ट बसली, टक् आवाज मात्र होता तिथंच राहिला.

तेव्हा कळलं की दोन सैलपणं एकात एक होती. वरचा क्लॅम्पचा आणि खालचा, गाडीच्या मानेतला. वरचा डोळ्याला दिसतो. खालचा पुढचा ब्रेक दाबून गाडी मागंपुढं ढकलली की हाताला कळतो. आपण वरचा आवळत बसतो आणि खालचा वाढत जातो.

आईला यातलं काही सांगायची सोय नव्हती. तिच्यासमोर मी एकदा फोनवर कुणाला तरी "अरे, लई हालतंय" म्हणून बसलो. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "काय हालतंय?" मी म्हणालो, गाडीचं हँडल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि थोड्या वेळानं आत गेली. आमचं गाव औसा तालुक्यातलं. किल्लारीपासून जरा लांब, म्हणून वाचलेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. दगडमातीच्या जाड भिंती होत्या, वर मातीचं माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली. मी तेव्हा सातवीत होतो. मला आवाज आठवतो. आईला हालणं आठवतं. तेव्हापासून आमच्या घरात हालणारी वस्तू राहत नाही. टेबलाचा पाय हालला की कागदाची घडी, कपाट हाललं की लाकडाची ढलपी, देव्हारासुद्धा तिनं भिंतीला तारेनं बांधून टाकलाय. नातेवाईक हसतात. ती माझ्यामागं गाडीवर बसली की माझे दोन्ही खांदे इतके घट्ट धरते, की गाडी तीच चालवतेय असं बघणाऱ्याला वाटावं.

मागच्या वर्षी माझी बदली नांदेडला झाली. लेक अकरावीला, म्हणजे लातूर सोडायचा प्रश्नच नव्हता. बाहेरगावची माणसं पोरांच्या शिकवणीसाठी लातुरात खोल्या घेऊन राहतात, आणि आम्ही असलेलं घर सोडून जाणार? मग मी एकटाच गेलो आणि गाडीही नेली. नांदेड-लातूर रेल्वे आहे, पण ती पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी असे सगळे पाहुणे करत येते. चाकूर, अहमदपूर, लोहा असा हमरस्ता त्यापेक्षा सरळ. बदलीच्या सामानासकट मी तो सरळ रस्ता सात तासांत, थोडा नागमोडी, पार केला.

लातूरकराला नांदेडात राहायला गेलं की पहिली गोष्ट जाणवते ती पाणी. गोदावरी शहराला लागून वाहते, वर विष्णुपुरीचा जलाशय. शेजारचे लोक पाइप लावून अंगण धुतात. मी पहिले चार दिवस त्यांच्या नळाकडं, दुसऱ्याच्या घरातला टीव्ही खिडकीतून बघावा तसं, बघत होतो. दुसरी गोष्ट म्हणजे गुरुद्वाऱ्याकडचे मोठे रस्ते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी शहरातले बरेच रस्ते रुंद झाले, आणि रुंद रस्त्यावर माझा नागमोडीपणा लांबूनही दिसायला लागला. एका पोलीस हवालदारानं थांबवून तोंडाचा वास घेतला. वास चहाचा होता. त्यानं मग तेच केलं, हँडल धरून हलवलं आणि म्हणाला, "सर, दारूवाले बी यापेक्षा सरळ जातात. देगलूर नाक्याकडं एक चाचा आहेत, त्यांना दाखवा."

चाचांचं दुकान म्हणजे टिनाचा आडोसा, समोर तेलानं काळी झालेली जमीन आणि एका पाटावर ओळीनं मांडलेले पाने. वय सत्तरीच्या आसपास. दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल. मी गाडी लावली आणि सवयीनं वाट बघत राहिलो, की आता हे हँडल धरतील आणि हलवतील.

त्यांनी हलवलंच नाही. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, नातवाला मागच्या सीटवर बसवलं, त्यानं पुढचं चाक जमिनीपासून सुटलं. मग चाचांनी एका बोटानं, नुसत्या एका बोटानं, हँडल डावीकडून उजवीकडं सोडलं. ते आपल्या वजनानं फिरत आलं आणि बरोबर मध्ये आल्यावर, दाराला खीळ लागावी तसं, थबकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तिथंच थबकलं. चाचांनी डोळे मिटले होते. मग ते वाकले, पुढचे दोन्ही शॉकअप खालून धरून मागंपुढं ओढले. टक्. टक्.

"आवाज भी है और अटकता भी है," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान तिरकी करून नंबरप्लेट वाचली.

"चौबीस. लातूर के?"

"हौ."

"सोला में गाडी लातूर में थी?"

"हौ. का हो?"

"पानी ढोये हुंगे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि हँडलच्या दोन्ही टोकांना, मुठींच्या आत जिथं रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथं, टेकवली. "ये देखो. डिब्बे के कड्यों के निशान."

मी त्या दोन जागा रोज बघत होतो. आठ वर्षं त्या मुठींच्या शेजारी माझे अंगठे होते. कधी विचारलं नाही की रंग इथंच का गेला.

२०१६ चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, नळाला किती दिवसांनी पाणी येणार हे घरात ज्योतिषासारखं बोललं जायचं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. माझ्याकडं पंधरा लिटरचे दोन कॅन होते. एक डाव्या मुठीला, एक उजव्या मुठीला. दिवसाआड पाण्याला जायचं, एका वेळी चार खेपा. भरलेले कॅन लटकवून गाडी चालवणं हा वेगळाच प्रकार असतो. हँडल जड होतं, पाणी आत हिंदकळतं आणि आपण वळायचं ठरवलं तरी पाण्याचं मत वेगळं पडू शकतं. खड्डा आला की तीस किलो वजन एकदम खाली आदळतं. आम्हाला तेव्हा खड्ड्यात फक्त एकच चिंता असायची, की झाकण उडू नये.

चाचा गाडी खोलत होते तोवर मी त्यांच्याच पेन्सिलीनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. एका वेळी १२० लिटर. तीन महिने दिवसाआड म्हणजे ४५ वेळा. एकूण ५,४०० लिटर. त्याच साली १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात पहिल्यांदा आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख. तिला जलदूत म्हणाले, पेपरात फोटो आले, स्टेशनवर गर्दी झाली. पहिल्या जलदूतानं आणलं त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून थोडं जास्तच पाणी माझ्या हँडलनं आणलं होतं. कुणी साधं हळदकुंकू लावलं नाही.

"लातूर की बहुत गाड्या आतीं ऐसी," चाचा म्हणाले. "बाकी गाड्या खड्ड्यों से जातीं. तुम्हारी पानी से गई."

आता हँडल, मीटर, हेडलाइट सगळं वायरींसकट एका बाजूला लोंबत होतं आणि गाडीची मान उघडी पडली होती. वरच्या गोल नटावर छिन्नीच्या खुणा होत्या. हा नट सी-पान्यानं फिरवायचा असतो. पण ज्या मिस्त्रीकडं सी-पाना नसतो तो छिन्नी लावून हातोड्यानं ठोकतो. चाचांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं. "तीन मिस्त्री हो गए. एक लेफ्टी था. एक कू जल्दी थी." एखाद्या घराण्याचा गवई दुसऱ्या घराण्याविषयी बोलतो, त्या आवाजात ते हे म्हणाले. मग स्वतःचा सी-पाना काढला, कापडात गुंडाळून ठेवलेला.

कोनसेट म्हणजे दोन वाट्या वर, दोन वाट्या खाली, आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसलेले छर्रे. चाकाचा सगळा मार, माणसाचं सगळं वजन आणि पाण्याचे कॅन, हे या छर्‍यांवर येतं, आणि खालच्या वाटीवर जास्त. चाचांनी खालची वाटी पेट्रोलमध्ये धुतली, बनियनच्या चिंधीनं पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. तिच्या चकचकीत गोलाईत एका ओळीनं बारीक खळगे पडले होते, प्रत्येक छर्‍याचा एक. माणूस बहुतेक वेळ सरळच जातो. त्यामुळं छर्रे वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी बसतात, मार त्याच जागी खातात आणि स्वतःपुरती बैठक करून घेतात. मग हँडल मध्ये आलं की प्रत्येक छर्रा आपापल्या खड्ड्यात उतरतो. तेच ते थबकणं. म्हणजे माझ्या गाडीला सरळ जायची इतकी सवय लागली होती, की ती नीट सरळ जाऊ शकत नव्हती. हे वाक्य मी चाचांना हिंदीत सांगून बघितलं. ते म्हणाले, "चाय बोलो."

चहा आला आणि नेमका तेव्हाच नव्या सेटमधला एक छर्रा नातवाच्या हातून निसटला. जमीन तेलकट, काळी, तिच्यात नट, खिळे, पत्र्याचे तुकडे आणि तीस वर्षांचा इतिहास. छर्रा वाटाण्याहून लहान. चाचांनी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि नातू ते जमिनीवरून फिरवायला लागला. पाच मिनिटांत त्याला चौदा वायसर, तीन स्क्रू, एका घड्याळाचा पट्टा आणि शेजारच्या दुकानाची हरवलेली किल्ली सापडली. शेजारचा दुकानदार किल्ली घ्यायला आला आणि शोधायलाच बसला. रस्त्यावरची आणखी दोन माणसं वाकली. एकानं विचारलं, "सोनं पडलं का?" मी म्हटलं, छर्रा. तो म्हणाला, "मग एक कमी टाका की, एवढ्यानं काय होतंय?" चाचांनी मान वर करून त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो गेला. छर्रा शेवटी माझ्याच चपलेच्या तळाला ग्रीसनं चिकटलेला निघाला. मी सगळ्या शोधात हिरिरीनं इकडून तिकडं फिरत होतो.

ग्रीस घालून छर्रे एकेक करून बसवले. नांदेडच्या सराफ्यात हिरा कोंदणात बसवताना कसं दिसत असेल मला ठाऊक नाही, पण हात इतका शांत नसणार. मग वरचा नट. चाचांनी तो सी-पान्यानं आवळत नेला, हँडलची मान जड होईपर्यंत. मी मनात म्हटलं, आता कसं! आणि त्यांनी पाना उलटा लावून नट पाव आटा मागं घेतला.

"चाचा, मी पैसे घट्ट करायचे देणार. तुम्ही सैल करायला लागलाव."

ते हसले. "पूरा कसूँ तो हँडल तुम्हारा सुनेगा, गाडी का नै सुनेगा."

याचा अर्थ तिथं कळला नाही. नंतर वाचून कळला, तोही अर्धाच. दुचाकी पडायला लागली की पुढचं चाक आपणहून पडायच्या बाजूला वळतं आणि गाडीला पुन्हा स्वतःखाली घेतं. चालवणाऱ्याच्या नकळत हे सारखं चालू असतं. मान पार आवळली की चाकाला हे करता येत नाही, आणि घट्ट हँडलची गाडी सैल हँडलच्या गाडीपेक्षा जास्त डुलते. हे चाक नेमकं कशामुळं वळतं यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात काही संशोधकांनी एक विचित्र बारकी सायकल बनवून दाखवली, की आजवर सांगितलेली दोन्ही मोठी कारणं काढून टाकली तरी ती बिनमाणसाची तोल सावरत जाते. वाद अजून मिटलेला नाही. चाचांचा मात्र पाव आट्यात मिटलेला होता.

नळीच्या गुळगुळीत भागाचा प्रश्न त्यांनी हँडलच बदलून सोडवला. जुनं हँडल भंगारात टाकायला नातू उचलून नेत होता, मी म्हटलं, राहू दे, इकडं दे. चाचांनी काही विचारलं नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि सगळ्याचे मिळून आठशे रुपये घेतले. वर एक सूचना: "डिब्बे नको टांगो."

मी किक मारली, चाचांना सलाम केला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि समोरच्या केळीच्या गाड्यात घातली.

वेगानं नव्हे, केळीवाल्याला फक्त सरकावं लागलं. पण घडलं ते असं, की मी नेहमीप्रमाणे वळणाच्या आधी वळायला लागलो आणि या वेळी निरोप लगेच पोचला. विमान उडवणारा विल्बर राइट मुळात सायकलींच्या धंद्यातला. त्यानं म्हणे कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं होतं, की डावीकडं वळताना तुम्ही हँडल कसं फिरवता. बहुतेक सगळे म्हणाले, डावीकडं. प्रत्यक्षात सगळेच आधी किंचित उजवीकडं फिरवत होते, त्यानं सायकल डावीकडं कलत होती आणि मग वळत होती. पहिल्यांदा विचारल्यावर हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझे हात तर त्याच्याही पुढं गेलेले. ते किंचितच्या जागी बोटभर फिरवायला शिकले होते. सगळी कला हाताला चिकटलेली आणि तिचं आता काहीच काम नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी नव्या हँडलवर जुन्या हँडलचा माणूस होतो. ऑफिसच्या फाटकात शिरताना फाटक चुकायचं. टपरीवर लोक हँडल हलवून बघायचे, ते हालायचं नाही, आणि ते जरा नाराज होऊन चहाकडं वळायचे. पाचव्यानं तर किंमतही विचारणं सोडलं.

त्या शनिवारी लातूरला गेलो. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. चार तास. गोलाईला वळसा घालून सरळ गुळाच्या रस्त्याला लागलो, आणि गूळ घेतला. चुकण्यात वेळ गेला नाही म्हणून तो कसा घालवावा ते कळेना, मग मुद्दाम चपलांच्या रस्त्यानंही एक चक्कर मारली.

घरी आईनं वर्तमानपत्राचं पुडकं सोडून बघितलं. जुनं हँडल. तिनं दोन्ही टोकांवरच्या उघड्या लोखंडावर अंगठा फिरवला. मी चाचांचं म्हणणं सांगितलं. ती ऐकत होती. मग उठून जिन्याखाली गेली आणि दोन कॅन बाहेर काढले. झाकणं बसवलेले, धुऊन पालथे घालून ठेवलेले. कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, हाताला रुतू नयेत म्हणून. मला वाटलं होतं ते कधीच भंगारात गेले.

"असू दे," ती म्हणाली. "लागतात कधी."

सोमवारी पहाटे निघालो तेव्हा ती अंगणात आधीच येऊन उभी होती. गाडीच्या डाव्या मुठीला एक पिशवी अडकवलेली: ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, गुळाचा अर्धा खडा. मी म्हणालो, "आई, हँडलला काही टांगायचं नाही. मिस्त्रीनं बजावलंय. एका बाजूला वजन झालं की ओढतं."

"मला का कळत नाही?" ती म्हणाली आणि तेवढ्याच वजनाची दुसरी पिशवी उजव्या मुठीला अडकवली. दोन पावलं मागं जाऊन गाडीकडं बघितलं, पुन्हा पुढं आली आणि हँडल धरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं हलवून बघितलं.

"हालत नाही," ती म्हणाली. "जा आता."